टेबलावर नसलेली जॉयस्टिक

मित्रांनो, मी एक जुनी जॉयस्टिक आहे. पण मला शोधायला टेबलावर हात फिरवू नका. मला दांडा नाही, वायर नाही. मी संगणकातले एक सॉफ्टवेअर आहे. माणूस कीबोर्डची बटणे दाबतो आणि मी खेळाला सांगते, "दांडा डावीकडे वळला, आता पुढे झुकला." खेळ माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. एका शिक्षिकेने मला सुट्टीत तयार केले आणि सर्वांना फुकट देऊन टाकले.

मला या घरात एका भाचीने आणले; हे घर तिच्या आत्याचे. आत्या पडदे शिवायची. मशीन बंद झाले की दोघी मिळून विमानाचा खेळ खेळायच्या. मग आजारपणात आत्याचा उजवा हात लुळा पडला. खरी जॉयस्टिक तिला धरवेना. तेव्हा भाचीने चार दिवस खपून डाव्या हाताच्या पाच बटणांवर माझी सगळी कामे बसवली. विमानाने धावपट्टी सोडली तशी आत्या ओरडली, "अगं, उडालं की!" एवढे कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आले नाही.

पुढे भाची नोकरीसाठी दूर गेली. आत्या दुपारी चारला एकटीच विमान उडवू लागली.

संगणक फार रेंगाळतो म्हणून एकदा दुरुस्तीवाला आला. आत्या स्वयंपाकघरात होती. "ही कसली जॉयस्टिक? इथे तर काहीच नाही," पडद्यावरच्या यादीत माझे नाव वाचून तो टेबलाकडे बघत पुटपुटला आणि त्याने मला बंद करून टाकले.

दुसऱ्या दिवशी आत्याने बटण दाबले. विमान जागचे हलले नाही. तिने दुसरे दाबले, तिसरे दाबले. बराच वेळ ती बोटांकडे बघत राहिली.

"बटणं विसरले की काय मी? आता डोकंही दगा देणार वाटतं," ती स्वतःशीच म्हणाली.

मित्रांनो, तिचे काहीच चुकले नव्हते. पण मला कुठली वाचा?

रविवारी भाचीचा चेहरा पडद्यावर आला. "आत्या, विमान उडवतेस ना?"

"हो गं, रोज!" आत्या हसून म्हणाली. भाचीचा जीव भांड्यात पडला आणि ती ऑफिसच्या गमती सांगू लागली.

त्याला तीन महिने झाले. आत्या अजूनही संगणक लावते आणि उभ्या विमानाकडे बघत बसते. मला जागे करायला एक क्लिक पुरे आहे. पण मी झोपले आहे, हे कुणाला ठाऊकच नाही.

मित्रांनो, तुमचेही कुणी दूर एकटे राहत असेल, तर "बरं चाललंय ना?" एवढ्यावर फोन ठेवू नका. "उडवून दाखव बघू," असे म्हणा, आणि थांबा.