शेवटची डबी

कल्याणने ट्रॅक्टरमधली, चाक खोलायची लोखंडी टॉमी उगारली आणि सरळ आरशावर घातली. काचा खळाखळा फरशीवर कोसळल्या. पार्लरच्या मागच्या दाराशी रेश्मा एक पोतं घट्ट धरून उभी होती.

“माल संपला म्हनालीस ना फोनवर? मग ह्या पोत्यात काय हाय?”

रेश्माने पोतं आणखी मागे ओढलं. पोत्यात गोरेपणाच्या क्रीमच्या डब्या होत्या. कुठल्या कंपनीच्या, काही लिहिलेलं नव्हतं. बेलापुरातल्या कितीतरी नवऱ्या मुली तिने त्यावर उजळून मांडवात धाडल्या होत्या. आता त्याच डब्या प्रवरा नदीत सोडायला ती निघाली होती.

कल्याणची बायको चांगुणा नगरच्या दवाखान्यात पडून होती. अंगभर सूज, डोळे उघडायची पंचाईत. क्रीममध्ये पारा असावा आणि त्यानेच किडनी धरली असावी, असा डॉक्टरांना संशय होता. पण चांगुणाच्या डबीत तपासायला बोटभरही क्रीम उरलं नव्हतं. म्हणून सकाळी कल्याणने रेश्माकडे फोनवर एक डबी मागितली, आणि माल संपला म्हणत तिने साफ नकार दिला.

त्याने पोतं हिसकावलं. डब्या घरंगळत चहूकडे गेल्या.

“इख इकतीस व्हय गं आयाबायांना?”

“काळी काळी म्हनून तिला माझ्याकडं कुनी धाडली?” रेश्मा उसळली. “मी आल्ते का तुमच्या दारात बोलवायला?”

कल्याणचा हात सुटला. कानशिलात अशी बसली की ती टेबलाच्या कडेवर आपटून खाली आदळली. ओठ फुटला, तोंडात रक्ताची खारट चव आली. कल्याण मात्र आता तिच्याकडे बघतच नव्हता. तो डब्यांवर तुटून पडला होता. टॉमीने फोडत होता, बुटाने चिरडत होता. पांढरा लगदा भिंतीवर, पडद्यावर, त्याच्या पँटवर उडत होता. ज्यासाठी आला तेच तो मातीत घालत होता, आणि त्याला भान नव्हतं.

रेश्माला होतं. अजून थोडा वेळ नुसतं पडून राहिलं, की नदीपर्यंत जायचीही गरज नव्हती. सकाळपासून तिला हेच तर हवं होतं.

एक डबी खुर्चीखाली गेली होती. कल्याणने पाय उचलला.

रेश्माने झेप घेऊन डबीवर हात टाकला. बूट हातावरच आला. आत काहीतरी कडकन मोडलं. ती किंचाळली, पण मूठ उघडली नाही. तिने त्याच्या पोटरीत दात रोवले.

“सोड! सोड, नाहीतर डोकं फोडीन!”

“फोडा!” ती रक्त थुंकत ओरडली. “पन एक तरी राहू द्या! नगरला तपासायला काय नेताय मग, शेण?”

टॉमी वरच थांबली. कल्याण धापा टाकत फरशीकडे बघत राहिला. दारात माणसं गोळा झाली होती. आत कोणी येत नव्हतं.

नगरला डॉक्टरांच्या हातात डबी तिनेच ठेवली.

“कुठून घेतलीत?”

“मीच इकते,” ती म्हणाली, आणि माल देणाऱ्याचं नावही सांगून टाकलं.

चौथ्या दिवशी प्रयोगशाळेचा अहवाल आला, तेव्हा रेश्मा पुन्हा नगरला आली होती. पारा होता. थोडाथोडका नव्हे, मर्यादेच्या हजारो पट. चांगुणाचे उपचार त्याच दिवशी बदलले. डॉक्टरांनी रेश्माच्या प्लॅस्टरमधल्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या गोऱ्यापान, तुकतुकीत चेहऱ्याकडे.

“तुम्ही स्वतःही लावता का?”

रेश्माने साडी घोट्याच्या वर उचलली आणि सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

“दिवाळीपास्नं हाय,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिलाही दाखल व्हायला सांगितलं, पण बायकांच्या वॉर्डात एकही खाट रिकामी नव्हती. “खाट रिकामी होईपर्यंत बसा कुठंतरी,” असं सांगून नर्स निघून गेली. रेश्मा चांगुणाच्या खाटेच्या पायाशी नुसती उभी राहिली.

चांगुणाने सुजल्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग तोंड भिंतीकडे फिरवलं. आणि पाय हळूहळू पोटाशी ओढून घेतले. खाटेवर एका माणसापुरती जागा झाली.