दांडा नसलेली सायकल

दुपारी बाजेवर डोळा लागला की वालूरच्या सटवाजीला सायकलच दिसायची. हुरड्याला आलेल्या ज्वारीतून वाट जायची, पायडल आपसूक फिरायचं, धोतराचा सोगा वाऱ्यावर उडायचा. जाग आली की नुसता गुडघा ठणकायचा. मंडळी, असं एखादं माणूस आपल्याही घरात असतं!

मागच्या महिन्यात कॅरिअरवर वैरणीचा भारा बांधून तो शेतातून निघाला. भाऱ्यावरून टांग टाकताना पाय दांड्याला अडला आणि सटवाजी सायकलीसकट आडवा! तेव्हापासून शेत बंद, आणि शेतावाचून त्याचा जीव रमत नव्हता.

घरात दीपिकाची, सासरी गेलेल्या लेकीची, सायकल उभी होती. मधे दांडा नाही. टांग टाकायची नाही, पाय नुसता आत सरकवायचा. पण पडली लेडीज! सटवाजीनं त्यावर तोड काढली आणि सकाळीच ती ढकलत निघाला.

"कुठं चाललाव?" बायको बायनाबाईनं विचारलं.

"वेल्डिंगवाल्याकडं. मधी पाइप बसवून आणतो. मंग गडीमाणसाची दिसंल."

बायनाबाई पिठाच्या हातानंच दारात आली. "अवो, दांड्यानंच पाडलं ना तुमाला? अन् तोच हौसेनं बसवून घेता व्हय? आमची साडी अडते, तसं तुमचं धोतर अडत न्हाई का? भारा अडत न्हाई का? हिच्यावरून उतरायला लागतंय तरी काय! लोक हसतेत म्हणून घरात बसायचं असंल, तर जावा खुशाल!"

सटवाजी खजील झाला. गुडघ्याकडं बघितलं, सायकलीकडं बघितलं आणि हळूच पाय आत सरकवला.

"अगं, हे तर लय सोपं हाय!"

धुक्यात वाट पुसून गेली होती. सायकल तरंगत निघाल्यागत वाटत होतं. पारावरून शेजारचा मुंजाजी ओरडला, "काय सटवाजी, लेकीची सायकल?"

"व्हय, लेकीचीच! बसतूस का?"

बांधावर तो सहज पाय टेकून उतरला. दवानं भिजलेलं कणीस हातात धरलं आणि त्याचे डोळे भरून आले. एका पाइपापायी हे सगळं गमावणार होतो, असं त्याला वाटलं.

मंडळी, सायकल बाईची आणि पुरुषाची अशी आपणच करून ठेवली. जिच्यावर म्हाताऱ्याला, साडीतल्या बाईला, ओझेवाल्याला न पडता चढता-उतरता येतं, ती सगळ्यांचीच. लाजेपोटी कुणी घरात बसलं असेल, तर त्याला हाताला धरून बाहेर काढा!