पुढच्या रांगेतली खुर्ची

लिगाया मावशीला नाही म्हणता येत नव्हतं. हा एक रोगच आहे, आणि शुगरवर गोळी निघाली तरी याच्यावर अजून निघालेली नाही. अमेरिकेतल्या चँडलरमध्ये चाळीस वर्षं राहून म्हातारीने किती माजी सैनिकांना दवाखान्यात नेऊन आणलं, किती जणांचे पेन्शनचे फॉर्म भरले, किती थँक्सगिव्हिंगला दोनदोनशे माणसांच्या शेवया परतल्या, ते तिचं तिलाही आठवत नसे. हॉलमध्ये भिंतभर मानपत्रं. तुम्ही म्हणाल, छानच की! छान आहेच हो. पण ज्याच्या दारावर एकदा 'इथे नाही म्हणत नाहीत' अशी पाटी लागली, त्याला स्वतःच्याच घरातून बाहेर पडायला वाट उरत नाही.

मावशी मूळची फिलिपिन्समधल्या इलोइलोची. नवरा अमेरिकन नौदलात आचारी होता, त्याच्यामागून आली. तो जाऊनही आता बावीस वर्षं झाली, मूलबाळ नाही. शेजारच्या सुलेखाने पहिल्याच वर्षी विचारलं, तुम्हाला काय म्हणू? म्हातारी म्हणाली, आमच्यात टीटा म्हणतात. म्हणजे मावशीच की, म्हणून सुलेखा मावशी म्हणायला लागली. बोलणं सगळं इंग्रजीत, पण भांडण आणि जेवणाचा आग्रह अगदी आपल्यासारखा.

सुलेखा नागपूरची. नवरा शैलेंद्र कॉम्प्युटर-चिपच्या कंपनीत, मुलगी रुही सातवीत, आणि तिघंही ग्रीन कार्डाच्या रांगेत अकरा वर्षं. हिचा व्हिसा नवऱ्याच्या नावाचा. त्यामुळे वेगळा परवाना येईपर्यंत पगाराची नोकरी करायची नाही, फुकट राबायला मात्र सरकारची हरकत नाही! मग ती मावशीबरोबर राबायची. गाडी चालवायची, फोन करायची, औषधं पोचवायची. "तू आणि तुझी मावशी, लष्कराच्या भाकऱ्या भाजा," असं शैलेंद्र म्हणायचा आणि आपल्याच विनोदावर खूश व्हायचा.

एका कामाला मात्र सुलेखा गाडीतून उतरत नसे. एखादा माजी सैनिक मेला आणि त्याचं कुणीच नसलं, की दफनाच्या वेळी पुढच्या रांगेत जी खुर्ची घरच्यांसाठी ठेवलेली असते, तिच्यावर मावशी जाऊन बसायची. शवपेटीवरचा झेंडा घडी घालून द्यायला कुणीतरी लागतं ना! तो ती मांडीवर घ्यायची. दोनशेच्या वर परक्या माणसांची ती अशी घरची झाली होती. तिचा बाप मोठ्या युद्धात अमेरिकेच्याच झेंड्याखाली लढला, आयुष्यभर त्या सरकारच्या पत्राची वाट बघत मेला, आणि त्याला पुरताना ना झेंडा आला ना ही. तेव्हापासून हिने ती खुर्ची धरली ती धरलीच. सुलेखा तिला नेऊन सोडायची आणि पार्किंगमध्ये एसी लावून, दुसरीकडे बघत बसायची.

इलोइलोला धाकटी बहीण होती, अँपारो. तिला भेटून एकोणीस वर्षं झाली होती. मावशीच्या गॅरेजमध्ये तिच्यासाठी एक भलं मोठं खोकं कायम उघडं असायचं: मऊ सपाता, गाऊन, कॉफी, मटणाचे डबे. खोकं भरत आलं की कुठलातरी म्हातारा सैनिक घर सुटून रस्त्यावर यायचा, आणि मावशी खोक्यातूनच काढून द्यायची. तिकीटही असंच, तीनदा काढलं, तीनदा कॅन्सल केलं. दर वेळी कुणाचा तरी फोन यायचा आणि ही म्हणायची, "येस, ऑफ कोर्स."

या वेळी अँपारो आजारी होती, चांगलीच. तिकीट गुरुवारचं. आणि मंगळवारी डेलचा फोन आलाच. हा डेल म्हणजे सगळ्या स्वयंसेवकांची यादी सांभाळणारा, बोलायला अतिशय गोड मनुष्य. गोड माणसांपासून देव वाचवो! गुरुवारी दहा वाजता रेमंड केसलर म्हणून एकाचं दफन आहे, वृद्धाश्रमात वारला, पुढे-मागे कुणी नाही. मावशीने फोन कानाला धरूनच सुलेखाकडे पाहिलं. ती नजर सुलेखाला पाठ होती. तिकीट चाललं!

"मी बसेन," सुलेखा म्हणाली. तोंडातून निघून गेलं.

"तू? तू तर गाडीतून उतरत नाहीस."

"उतरेन. तुम्ही जा म्हणजे जा. नाही गेलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही, सांगून ठेवते."

बुधवारी दुपारी खोक्याला सुलेखानेच टेप मारली. चांगली चार-चार वेळा, पुन्हा उघडायची सोयच नको. टेपचं रीळ हातात असतानाच तिचा फोन वाजला. रोमेल, अँपारोचा मुलगा. विमानतळावर घ्यायला यायचं म्हणून मावशीने त्याला हिचा नंबर देऊन ठेवला होता.

"आई गेली," तो म्हणाला. "तासाभरापूर्वी. आम्ही रविवारपर्यंत ठेवतोय. आमच्याकडे परदेशातल्या माणसासाठी थांबतात. पण टीटाला सांगू नका. सीरियस आहे, एवढंच सांगा."

सीरियस! जगाच्या पाठीवर कुठेही जा, घरच्यांचा शब्द हाच.

दोन वर्षांपूर्वी उल्हासदादाने नागपूरहून हेच सांगितलं होतं. "सुलू, बाबा सीरियस आहेत. जमलं तर निघ." कसलं जमतंय? बाहेर पडलं तर परत यायला व्हिसाचा नवा शिक्का लागणार, त्याची तारीख सात महिन्यांनी, आणि रुही इथे. ती गेली नाही. देवापुढे बसली. दोन दिवस पोटात अन्न नाही, टेकडीच्या गणपतीला नवस बोलली, बाबांना उठून बसव म्हणाली. तिसऱ्या दिवशी कळलं, की दादाने फोन केला तेव्हाच बाबा गेलेले होते. संध्याकाळी सगळं आटोपलंही होतं. "मला वेडी बनवलंत," ती फोनवर किंचाळली होती. "दोन दिवस मी मेलेल्या माणसाच्या तब्येतीसाठी रडत होते!" दादा म्हणाला, तुला एकदम धक्का नको म्हणून. तेव्हापासून तिने त्याला राखी पाठवली नव्हती.

"मी खोटं बोलणार नाही," ती रोमेलला म्हणाली. "तुम्हीच सांगा काय ते."

"सांगतो. मग ती येणार नाही." तो जराही चिडला नाही, हेच वाईट. "आजी गेली तेव्हा खरं सांगितलं होतं. म्हणाली, आता येऊन काय करू, इथे उद्या एकाचा अंत्यविधी आहे, त्याला कुणी नाही. आजीच्या वेळी ती नव्हती, आजोबांच्या वेळी नव्हती. आता आईच्याही वेळी नसेल. तुम्हाला चालत असेल तर सांगतो."

सुलेखाने फोन ठेवला. रात्री शैलेंद्रला सांगितलं. "यार, तू ह्यात पडूच नकोस," तो म्हणाला. अहो, पडून झालं होतं! रुहीने कानातला हेडफोन काढून म्हटलं, "जस्ट टेल हर द ट्रूथ, आई," आणि परत घातला. किती सोपं असतं एकेकाचं.

गुरुवारी पहाटे साडेपाचला गाडी निघाली. मागे खोकं, पुढे मावशी, हातात जपमाळ. निळा ब्लाउज इस्त्री केलेला, ओठांना लिपस्टिक. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी बसली होती. विमानतळाची पाटी दिसली तेव्हा सुलेखाने जीव गोळा केला.

"मावशी, काल रोमेलचा फोन आला होता."

मण्यांवरची बोटं थांबली. "वाईट असेल तर आत्ताच सांग," मावशी म्हणाली. "इथूनच वळव गाडी. दहाच्या आत पोचू. मेलेल्यांपाशी माझा जन्म गेला, सुलेखा. एकदा आपल्या जिवंत माणसाच्या उशाशी बसायचंय, म्हणून तर निघालेय. ती नसेल तर मग रेमंडपाशी बसलेलं काय वाईट? त्याला तरी कुणी नाही."

पुढे वळायची लेन होती. डावीकडे विमानतळ, सरळ गेलं तर पुढून वळून परत चँडलर. सुलेखाला रोमेलचा राग आला, डेलचा आला, मावशीचा तर इतका आला की स्टिअरिंगवर डोकं आपटावं. खरं सांगावं तर ही बाई कायमची त्या खुर्चीला जखडली. खोटं सांगावं तर आपण उल्हासदादा झालो. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"सीरियस आहे म्हणाला," ती म्हणाली, आणि डावीकडे वळली. "पण सगळे तुमची वाट बघतायत."

"थांबेल ती," मावशी म्हणाली. "लहानपणापासून माझ्यासाठी थांबायची. शाळेतून एकटी कधी घरी गेली नाही." आणि माळ पुन्हा सुरू झाली.

उतरल्यावर सुलेखाने त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे तिचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावला. मावशी हसली, म्हणाली, शिकलीस की! काचेच्या दारातून आत जाताना तिने तीनदा मागे वळून हात केला. सुलेखाने तिन्ही वेळा हात केला.

दफनभूमीत दहा वाजताच ऊन भाजत होतं. डेलने तिला पुढच्या रांगेपर्यंत नेलं. एकच खुर्ची भरायची होती, बाकी रांग रिकामी. बाबांच्या वेळी घरात पुढे कोण बसलं होतं, कुणी हंबरडा फोडला, काही तिने पाहिलं नव्हतं, आणि आज ती रेमंड केसलरची लेक होऊन बसली होती. बिगुल वाजला. दोघा जवानांनी झेंड्याची घडी घातली, एकजण येऊन तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि कृतज्ञ राष्ट्राच्या वतीने तिला तो देऊ लागला. ज्या राष्ट्राने अकरा वर्षं हिलाच दारात उभी ठेवलीय, त्याची कृतज्ञता घ्यायला आज हीच! तिने दोन्ही हातांनी झेंडा धरला.

त्याच वेळी पर्समध्ये फोन थरथरायला लागला. मावशीचं पहिलं विमान उतरलं असणार. झेंडा खाली ठेवायचा नसतो, मावशीने दहादा बजावलं होतं. हात दोन्ही अडकलेले. फोन वाजून वाजून थांबला, आणि सुलेखा हमसून हमसून रडायला लागली. बाबा गेल्यानंतर अशी ती पहिल्यांदाच रडत होती. जवान हळूच म्हणाला, "सॉरी फॉर युअर लॉस, मॅम." त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, कितवा लॉस तो.

पार्किंगपर्यंत डेल सोबत आला. छान बसलात, म्हणाला. मग जरा घुटमळून म्हणाला, "पुढच्या मंगळवारी आणखी एक आहे. लिगाया इथे नाही, तेव्हा..."

"हो," सुलेखा म्हणाली. घ्या! लागला रोग.

गाडीत तिने झेंडा सकाळी मावशी बसली होती त्या सीटवर ठेवला आणि फोन काढला. मावशीचा आवाजी निरोप होता. मागे विमानतळाचा गोंगाट, आणि त्यातून तो उत्साही, किंचित धापा टाकणारा आवाज.

"सुलेखा, सॅन फ्रान्सिस्कोला पोचले. रेमंडपाशी बसलीस ना? गुणाची माझी. विमानात अख्खी माळ अँपारोसाठी म्हटली. तूही तुझ्या देवाला सांग गं. तिला दोन दिवस टिकव म्हणावं. फक्त दोन दिवस."

सुलेखाने निरोप परत एकदा ऐकला. आपल्याला फोन लावायच्या आधी उल्हासदादा किती वेळ असा फोन हातात घेऊन बसला असेल, हे तिच्या मनात दोन वर्षांत आज पहिल्यांदा आलं. त्याला माफ करावं असं मात्र वाटलं नाही. आपल्यालाही कुणी करू नये.

तिने रेकॉर्डचं बटण दाबलं. आवाज नेहमीसारखा यावा म्हणून आधी एकदा खाकरली.

"देवाला सांगते, मावशी," ती म्हणाली, "आत्ताच सांगते," आणि आपला एवढाच निरोप पाठवून दिला.