काढलेल्या ओळींखाली ठिपके

पत्र चार पानांचं होतं. माझ्या टेबलावर आलं तेव्हा त्यातल्या नऊ ओळी जिवंत होत्या. बाकी सगळ्यावर लाल रेघ.

"तुझ्या बहिणीचं पत्र," हेडमास्तर म्हणाले. "जरा आटोपशीर केलंय. उद्या प्रूफ बघ, परवा छापू, रविवारी वाटू."

हेडमास्तर आता कुठल्याच शाळेचे हेडमास्तर नाहीत. आमच्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी आहेत आणि मंडळीच्या आठपानी मासिक पत्रिकेचे संपादक. शाळा सुटली, लाल पेन सुटलं नाही. एरवी ते धाकटीचं पत्र स्वतःच्या वळणदार अक्षरात उतरवून मला द्यायचे. सहा वर्षं मी ती उतरवलेली प्रतच बघत आले. या वेळी त्यांच्या उजव्या अंगठ्याला बँडेज होतं, दारात चिमटला होता, म्हणून मूळ पत्रावरच रेघा मारून दिलं.

त्यांना वाटलं असावं, रेघ मारली म्हणजे ओळ संपली. मी मुद्रितशोधक आहे. रेघेखालचं वाचणं हाच माझा धंदा.

धाकटी म्हणजे माझी बहीण. नर्स. सहा वर्षांपूर्वी मंडळीने तिच्या डोक्यावर हात ठेवले, प्रार्थना केली आणि तिला समुद्रापलीकडे सुवार्तेच्या कामाला पाठवलं. तिथे नदीकाठी दोन खोल्यांचा दवाखाना आहे. सकाळी ती रोगी बघते, संध्याकाळी ओट्यावर जो कोणी बसेल त्याला येशूची गोष्ट सांगते. चर्चच्या फळ्यावर तिचा फोटो आहे, खाली लिहिलंय 'आपली मिशनरी'. फोटोत ती गुबगुबीत आहे.

मला ती वेगळं पत्र लिहीत नाही. का, ते येईल पुढे.

जिवंत राहिलेलं, सगळंच्या सगळं:

प्रिय मंडळीस प्रभूच्या नावात सलाम. तुमचं पार्सल मिळालं. फार आभार. येथे दवाखान्यात गर्दी असते. लोक संध्याकाळी वचन ऐकायला येतात. नदीला यंदा पाणी कमी आहे. प्रभूने आजवर सांभाळलं. तोच पुढेही सांभाळील. प्रार्थनेत आठवण ठेवा.

असं पत्र मी डोळे मिटून तपासू शकते. सहा वर्षं बहुतेक तेच केलं.

काढलेलं, पान एक:

*कोट चांगले आहेत, पण इथे वर्षातले दहा महिने अंगाची लाही होते. मी त्यांच्या उशा केल्या. कृपा करून कोट पाठवू नका. बँडेज, साबण आणि वाचायचे चष्मे पाठवा. जुने चालतील. इथे म्हाताऱ्या माणसांना औषधाच्या पुडीवरचं दिसत नाही.*

त्यातला एक कोट माझा होता. इस्त्री करून दिला होता.

काढलेलं, पान दोन:

*जानेवारीच्या पत्रिकेत बारा जणांचा बाप्तिस्मा झाला असं छापलंय. मी लिहिलं होतं, बारा जण ऐकायला येतात. बाप्तिस्मा या दोन वर्षांत एकाचाही झालेला नाही. ती पत्रिका इथल्या एका शिकलेल्या माणसाने माझ्याकडून भाषांतर करून घेतली. मी त्या ओळीवर अडखळले. त्याने ते पाहिलं. आता अकरा जण येतात.*

जानेवारीचा तो अंक मी तपासला होता. 'जणाचा' होतं, मी णा वर अनुस्वार दिला. चर्चमध्ये टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या.

काढलेलं, पान तीन:

*तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करता हे वाचते. नेमकी कशासाठी करता ते कोणी कळवाल का? घरचं सोडलं तर सहा वर्षांत मला सेक्रेटरींखेरीज मंडळीतल्या कोणाचं पत्र आलं नाही.*

(इथे आणखी एक ओळ होती. ती मी गाळली आहे. हेडमास्तरांनी नाही, मी.)

काढलेलं, पान चार:

*मार्चपासून मी सलग तीन तास झोपलेले नाही. दार वाजलं की उठावंच लागतं. परवा सुई धरताना हात थरथरला आणि लेकराच्या आईने ते पाहिलं. दुसरी नर्स मागत नाही. तीन महिने कोणी येऊन दारात बसलं आणि आलेल्याला 'ती झोपली आहे, फार तातडीचं आहे का' एवढं विचारलं तरी पुरे. मग दुसरं कोणी तीन महिने. कोणीच येणार नसेल तर या वर्षाअखेर दवाखान्याला कुलूप लावीन. ही धमकी नाही. थरथरत्या हाताने मी माणसाला टोचणार नाही.*

यावर दोन रेघा होत्या. एक आडवी आणि एक तिरकी.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर प्रूफ न्यायला छापखान्यात आले.

"सर, हे काढायचं नाही," मी म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"जिने लिहिलंय ती."

"हे बघ, तू बहीण म्हणून बघतेस. मला मंडळी सांभाळायची आहे. असलं वाचलं की लोकांची मनं खचतात. उद्या कोण आपली मुलगी पाठवील?"

"ही पाठवली, तिचं काय?"

"परदेशी सेवा म्हणजे सहल नव्हे. विश्वासात दम लागतो."

"दम आहे तिच्यात. झोप नाहीये."

ते खुर्चीत बसले. बँडेजचा अंगठा वर धरून बसले, जणू शाबासकीच देताहेत.

"आणि बारा जणांचं?" मी विचारलं.

"तो भाषेचा भाग झाला. ऐकायला येतात म्हणजे आज ना उद्या होईलच ना."

"सर, भविष्यकाळ भूतकाळात छापायचा नाही. काळ मला तुम्हीच शिकवलेत. सातवीत."

"तू सातवीतही अशीच होतीस." ते उठले. "तुझं काम काना-मात्रा बघण्याचं. तेवढं बघ. बाकीचं बघायला पंच आहेत, पाळक आहेत, मी आहे."

तेवढं बघितलं.

आमच्या धंद्यात एक खूण आहे. कोणी चुकून शब्द खोडला तर त्याच्याखाली ठिपके द्यायचे आणि समासात लिहायचं, 'तसेच ठेवा'. खोडणारा कोण, कोणत्या हुद्द्याचा, हे अक्षरं जुळवणारा बघत नाही. ठिपके दिसले की शब्द परत बसतो. मी पहिल्या पानापासून ठिपके द्यायला घेतले. कोटांखाली दिले. चष्म्यांखाली दिले. बारा जणांखाली इतके जोरात दिले की कागदाला भोकं पडली.

तिसऱ्या पानावर थांबले.

ती ओळ अशी होती:

*ताईला मी सुरुवातीला खरं लिहायचे, पण उत्तरात माझ्याच पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका यायच्या, मग लिहिणं सोडलं.*

हिच्यावरही लाल रेघ होती. हेडमास्तरांनी माझी लाज राखली होती. ठिपके दिले नसते तर कोणालाही कळलं नसतं, आणि बाकीचं सगळं छापून मी वर शूर ठरले असते. मला आठवलं ते पत्र. तिने 'मी इथे एकटि आहे' असं लिहिलं होतं आणि मी टि ला गोल करून परत पाठवलं होतं. थट्टा म्हणून. थट्टाच होती. तीन वर्षांपूर्वीची.

चहा गार झाला. मशीनवर काम करणारे मामा दोनदा डोकावून गेले.

मग त्या ओळीखालीही ठिपके दिले. सत्तावीस.

"हे सगळं घ्यायचं?" मामांनी विचारलं. "हेडमास्तर माझा कान उपटतील."

"मामा, तुम्ही साठीला आलात."

"त्यांना त्याचं काय. माझ्या मुलाच्या लग्नात जेवता जेवता माझं शुद्धलेखन काढलं होतं." त्यांनी पान पुन्हा वाचलं. चौथ्यावर आल्यावर ओठ हलायचे थांबले. "चष्मा आहे माझ्याकडे एक. काडी मोडलीये. चालेल?"

"चालेल."

"मग सरक. छापू दे."

रविवारी उपासनेआधी मीच दारात उभी राहून अंक वाटले. पहिलं गीत संपेपर्यंत कोणी उघडला नाही. दुसऱ्या गीतात अर्धी मंडळी वाचत होती आणि अर्धी गात होती, त्यामुळे गीत लंगडलं. हेडमास्तर पुढे गेले.

"या अंकात मुद्रणदोष राहिले आहेत," ते म्हणाले. "सर्वांनी अंक परत द्यावेत."

"एकही दोष नाही," मी मागून म्हणाले. "मी तपासलाय."

माना वळल्या. चर्चमध्ये मागून बोलायची पद्धत नाही. मला माहीत आहे. बावन्न वर्षं येतेय.

अंक गोळा करायला दोघे पंच बाकांमधून निघाले. पहिल्या बाकावरच्या आजींनी अंक खाली घालून त्यावर बैठक मारली. दुसऱ्या बाकावर कोणालाच काही ऐकू आलं नाही. पंचांच्या हाती सात अंक लागले, त्यातले दोन त्यांचे स्वतःचे.

पाळकसाहेब उठले. चांगला माणूस आहे, फक्त भांडण दिसलं की डोळे मिटतो. "आपण आपल्या बहिणीसाठी प्रार्थना करू या," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

"कशासाठी?"

हा आवाज बायकांच्या बाजूने आला. हेडमास्तरांची बायको. तीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं, म्हणून सगळे शिवणबाई म्हणतात. घरात आणि चर्चमध्ये मिळून एका वेळी चार वाक्यं बोललेली मी ऐकली नव्हती.

"अं?" पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला.

"तिने विचारलंय ना, नेमकी कशासाठी करता. तिच्या झोपेसाठी करायची असेल तर ती देवाला मागायची कशाला? दारात तर बसायचंय. ते मला येतं." त्या उभ्या राहिल्या. "मी जाते."

"अगं, तुझे गुडघे," हेडमास्तर पुढून म्हणाले. उपासनेत आहोत हे विसरून, घरच्या आवाजात.

"बसायला जायचंय, धावायला नाही."

"भाषा येत नाही तुला तिथली."

"इथली येते, तिचा काय उपयोग झाला चाळीस वर्षं?"

कोणी हसलं नाही. हसू सगळ्यांच्या गळ्यापर्यंत येऊन थांबलेलं दिसत होतं.

पुढचं भराभर सांगते. पंचांनी बैठक घेऊन माझ्याकडून पत्रिका काढून घेतली. 'संपादकाच्या अधिकाराचा भंग' असं कारण लिहिलं. मी माफी मागितली नाही. पाळकसाहेबांनी दोनदा घरी येऊन सुचवलं, दोन्ही वेळा मी त्यांना सरबत दिलं. चष्म्यांचं खोकं चर्चच्या दारात ठेवलं, ते पंधरा दिवसांत भरलं. धाकटीला मी पत्र लिहिलं आणि परत न वाचता पाकिटात घातलं. माझ्यासाठी हे म्हणजे अनवाणी बाजारात जाण्यासारखं. उत्तरात दोन ओळी आल्या: 'तुझ्या पत्रात पाच चुका आहेत. खूप रडले.'

शिवणबाईंची कागदपत्रं व्हायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत हेडमास्तर डाळ शिजवायला शिकले, असं म्हणतात. एकदा मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "तू माझं घर मोडलंस."

"तीन महिने, सर," मी म्हणाले. "तिचं मोडून सहा वर्षं झाली."

निरोपाच्या रविवारी चर्च भरलं होतं. पाळकसाहेबांनी शिवणबाईंना पुढे बोलावलं, गुडघे टेकण्यासाठी उशी ठेवली. पंच हात ठेवायला गोल करून उभे राहिले. हेडमास्तरही होते, चेहरा प्रगतिपुस्तकासारखा.

शिवणबाई उभ्याच राहिल्या.

"बसा," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"माझ्यानंतर कोण?"

"ते आपण बघू. प्रभू कोणाला तरी—"

"प्रभूला मध्ये घालू नका. मी तीन महिन्यांनी परत येणार. त्या दिवशी दार कोणी धरायचं? नाव सांगा, मग डोक्यावर हात ठेवा."

दोनशे माणसं. सगळ्यांना एकदम आपापल्या चपला बघायच्या होत्या. मीही बघत होते. मला परक्या घरात झोप येत नाही, विमानात मी कधी बसलेले नाही, आणि मला रक्त बघवत नाही. ही तिन्ही कारणं खरी होती आणि मी ती सात आठवडे कोणी विचारण्याआधीच पाठ करत होते. पाळकसाहेबांचा हात हवेत होता. बाईंचे गुडघे दुखत असणार, उभं राहून. त्या हलल्या नाहीत.

मी उठले तेव्हा बाक वाजलं.

"मी," मी म्हणाले. आवाज फाटका आला.

"तुला रक्त बघवत नाही," हेडमास्तर म्हणाले. सातवीतलं त्यांना सगळं आठवतं.

"दाराबाहेर बसणार आहे. आत नाही."

"मग पुढचे तीन महिने?" शिवणबाईंनी विचारलं. मला नाही, सगळ्यांना. त्यांनी शेवटच्या बाकापर्यंत नजर फिरवली आणि मग एका पंचाचा आणि नवऱ्याचा हात धरून, एकेक गुडघा सावकाश, खाली बसल्या.

त्या जाऊन आता एक महिना झाला. माझी पाळी दोन महिन्यांनी. माझ्यानंतरचं नाव अजून रिकामं आहे. मंडळीतल्या ज्यांना हे ठाऊक नाही असं वाटतं, त्यांच्यासाठी सांगते: उपासना सुटते तेव्हा मी दारातच असते आणि प्रत्येकाला विचारते. बाजूने जायला जागा आहे. मात्र मला घसटून जावं लागतं.