जिन्याचा पडदा आणि मागची खिडकी

मित्रांनो, तुमच्या घरात एखादा जुना, पिवळट पडलेला फोटो असेल. त्यात कुणीतरी पणजोबा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ताठ उभे असतील आणि त्यांच्या मागे रुंद संगमरवरी जिना दिसत असेल. हा कुठल्या राजवाड्यातला जिना, असे तुम्हाला वाटले असेल. राजवाडा वगैरे काही नव्हता. तो मी होतो. फोटो स्टुडिओच्या भिंतीवर टांगलेला मी एक रंगवलेला पडदा आहे, आता पुष्कळ म्हातारा झालेला. माझ्या जिन्याची एक पायरीही आजवर कुणी चढलेले नाही, पण अर्ध्या शहराने माझ्यापुढे उभे राहून ऐट केली आहे.

जाड सुती कापड लाकडी चौकटीवर ताणून, त्याला सरस आणि खडूची पूड पाजून मला तयार केले. मला रंगवणारे चित्रकार हे स्टुडिओच्या मालकांचे, म्हणजे फोटोमास्तरांचे, थोरले भाऊ. सगळे त्यांना दादा म्हणत. दादा मोठ्या घरांतल्या माणसांची तैलचित्रे काढत. एकेका चित्रासाठी माणसे त्यांच्यासमोर दिवसच्या दिवस बसत. मग धाकट्या भावाने कॅमेरा आणला आणि तीच माणसे त्याच्याकडे जाऊ लागली. तिथे थोडा वेळ श्वास रोखून बसले की काम झाले. दादांच्या खोलीतल्या खुर्चीवर धूळ साचू लागली.

अशा वेळी धाकटा भाऊ मागचा देखावा रंगवून द्या म्हणून आला. दादा नाही म्हणाले नाहीत. पण त्यांना सांगितले गेले की रंग फक्त राखाडी आणि तपकिरी वापरायचे, कारण त्या काळी फोटो ज्या काचेवर घेत, तिच्यामुळे फोटोत लाल उतरे काळा आणि निळा उतरे पांढरा. आयुष्यभर रंगांत रमलेल्या माणसाने तो जिना राखेच्या रंगात रंगवला. मला वाटते, त्या सरसाबरोबर दादांचा मत्सरही माझ्यात झिरपला असावा. नाहीतर कापडाच्या तुकड्याला इतके जळायचे काय कारण?

स्टुडिओ माडीवर होता. छत उतरते आणि काचेचे होते. सगळा उजेड तिथून येई. मागच्या भिंतीला एक मोठी खिडकी होती, पण तिचा उजेड माणसांच्या पाठीवर पडून काम बिघडवी, म्हणून तिची दारे बंद करून मला तिच्यावर टांगले. तिच्याकडे मी तेव्हा ढुंकूनही पाहिले नाही. माझे सगळे लक्ष समोर तिवईवर उभ्या असलेल्या कॅमेऱ्याकडे होते.

कॅमेऱ्याचा मला फार राग येई. रोज सकाळी फोटोमास्तर मऊ कापडाने त्याची पितळी कडी पुसत, भिंगावर फुंकर घालत. मला कधी कुणी झटकलेसुद्धा नाही. येणारी माणसे नवे कपडे घालून, केस चापून माझ्यापुढे उभी राहत आणि माझ्याकडे पाठ करून त्याच्याकडे टक लावून बघत. फोटो छान आला की म्हणत, कॅमेरा चांगला आहे हो. एकदा एक पैलवान माझ्या कठड्यावर ऐटीत रेलायला गेला आणि थेट भिंतीवर आदळला. तेवढाच एक दिवस लोकांनी माझे कौतुक केले. कठडा अगदी खरा वाटतो, असे स्वतः पैलवान डोके चोळत म्हणाला. तो दिवस मी पुढे कितीतरी वर्षे जपून ठेवला.

पण मित्रांनो, दिवसभर दुसऱ्यांना मत्सर वाटायला लावणारे फोटोमास्तर स्वतः सुखी नव्हते. शहरात दरवर्षी चित्रांचे मोठे प्रदर्शन भरे. तिथे फोटो घेत नसत. फोटो यंत्र काढते, माणूस नाही, असे समितीचे मत होते, आणि समितीवर दादा होते. फोटोमास्तर हट्टाला पेटले. फोटो चित्रासारखा दिसला तर तो कला ठरेल, असे त्यांनी मनाशी धरले. ते भिंगापुढे जाळीदार कापड धरून फोटो धूसर करत. काचेवर ब्रश फिरवून कोळशाच्या रेघांचा भास आणत. मी तर खूश होतो. चित्रासारखे दिसायचे तर मागे चित्रच हवे, म्हणजे मीच हवा. तरी दरवर्षी फोटो परत येत. पुढे दादाच त्या फोटोंवर हाताने रंग चढवायला येऊ लागले. दोघे भाऊ एकाच टेबलाशी बसत. एकाला दुसऱ्याच्या गिऱ्हाइकांचा हेवा, दुसऱ्याला पहिल्याच्या मानाचा.

त्याच टेबलावर आणखी एक काम चाले. मालकीणबाईंच्या, म्हणजे फोटोमास्तरांच्या पत्नीच्या, डाव्या गालावर लहानपणी उकळते पाणी सांडल्याचा मोठा डाग होता. फोटोमास्तरांनी त्यांचे पुष्कळ फोटो काढले, सगळे माझ्यापुढे. प्रत्येक वेळी ते बारीक पेन्सिल घेऊन काचेवरचा तो डाग भरून काढत. हे ते मायेने करत, याबद्दल मला शंका नाही. फोटो तयार झाला की ते बाईंना बोलावून दाखवत. बाई बघत, चांगला आलाय म्हणत आणि आत निघून जात. बाहेर कुठे उभ्या राहिल्या तरी डावा गाल आपोआप भिंतीकडे वळवायची त्यांना सवय लागली होती.

त्यांच्या मुलाला या धंद्याची आवड नव्हती. तो छापखान्यात कामाला लागला. पण त्याचे लग्न झाले आणि घरात सूनबाई आल्या. त्या आधी नुसते फोटो धुवायला बसत. मग अंधाऱ्या खोलीतले सगळे काम त्यांनी शिकून घेतले. मग माहेरून आणलेला एक छोटा कॅमेरा गळ्यात अडकवून त्या रस्त्यावर जाऊ लागल्या. हा कॅमेरा तिवई मागत नसे, छत मागत नसे आणि पडदा तर मुळीच मागत नसे. चांभाराचे हात, ओल्या पायऱ्या, दुकानाबाहेर डुलकी घेणारा हमाल, असले फोटो त्या काढत आणि माझ्याच समोर दोरीवर वाळत घालत. मी ते बघत राही. त्यातल्या पायऱ्या खरोखर ओल्या वाटत. माझ्या पायऱ्या इतक्या वर्षांत कधी भिजल्या नव्हत्या. मोठ्या कॅमेऱ्याचा हेवा मी विसरावा, असे दुखणे मला या छोट्याने दिले.

आणि मग छताच्या काचा गळू लागल्या. दुरुस्तीसाठी वरून ताडपत्री टाकली. स्टुडिओत अंधार झाला, काम बंद पडले. मालकीणबाई रिकाम्या खोलीत सदऱ्याला बटण लावत बसल्या होत्या. त्यांना दिसेना, म्हणून सूनबाईंनी मला दोरीने वर ओढले आणि मागच्या खिडकीची दारे उघडली.

मित्रांनो, ज्या खिडकीला मी जन्मभर झाकून ठेवले होते, तिच्यातून एवढा उजेड येतो हे मलाही ठाऊक नव्हते. तो वरून कोसळत नव्हता. बाजूने हळूच येऊन बाईंच्या हातावर, सुईवर, डाव्या गालावर टेकला. सूनबाई थबकल्या. त्यांनी कॅमेरा उचलला. बाईंनी सवयीने मान फिरवायला घेतली.

"आई, तुम्हाला नको असेल तर नाही काढत," सूनबाई म्हणाल्या.

अर्धी वळलेली मान बाईंनी परत खिडकीकडे आणली आणि पुढचा टाका घातला.

तो फोटो दोरीवर आला तसे फोटोमास्तर उठले. त्यांनी खिडकीची दारे लावली, मला खाली सोडले आणि माझ्या कडा खिळ्यांनी भिंतीला ठोकल्या. मला टोचले, तरी मी मनातून हसलो. खिडकीची बरी जिरली, असे मला वाटले. मालकांच्या हातातल्या हातोडीत किती जळफळाट होता, ते माझ्याइतके कुणाला कळणार?

त्याच वर्षी प्रदर्शनात फोटोंसाठी एक दालन उघडले. प्रत्येक स्टुडिओने एकच फोटो पाठवायचा होता. फोटोमास्तरांनी बाईंचा तरुणपणीचा फोटो निवडला. मागे माझा जिना, बाईंच्या हातात फुलांची परडी आणि गाल नितळ. त्यावर रंग चढवायला दादांना बोलावले. मी अक्षरशः हरखलो. इतक्या वर्षांनी मी प्रदर्शनात लागणार होतो, तेही अखेर रंगांत.

दादा आले. रंगांच्या वाट्या मांडल्या. तेव्हा सूनबाईंनी खिडकीचा फोटो त्या फोटोशेजारी ठेवला. फोटोमास्तर संतापले. असला फोटो लोकांपुढे मांडून घरच्या बाईचे हसे करायचे आहे का, असे त्यांनी सुनावले. स्टुडिओची अब्रू, घराचे नाव, बरेच काही बोलून झाले. दादांनी ब्रश हातात घेतला आणि खिडकीच्या फोटोकडे बघत बसले. बघता बघता ब्रशच्या टोकावरचा रंग वाळून गेला.

"याला रंग लावता यायचा नाही," ते शेवटी म्हणाले. "लावायला जागाच ठेवलेली नाही."

फोटोमास्तर म्हणाले, याला कुठे लावायचा आहे, त्याला लावा. तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या मालकीणबाई पुढे आल्या. त्यांनी परडीवाला फोटो हातात घेतला.

"अहो, तुम्ही इतकी वर्षं या जिन्यापुढे दुसऱ्याच बाईला बसवत आलात," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तुम्हाला तीच हवी होती."

फोटोमास्तर खुर्चीत बसले. आपण असे कधीच मनात आणले नव्हते, एवढे ते पुटपुटले. बाई म्हणाल्या की ते त्यांना माहीत आहे. मग परडीवाला फोटो उलटा ठेवून त्यांनी खिडकीचा फोटो दादांच्या हातात दिला. "हा न्या. ही मी आहे."

अशा रीतीने मी प्रदर्शनात लागता लागता राहिलो. खरे सांगतो, त्या दिवशी मला त्या खिडकीची दारे गंजून कायमची बंद व्हावीत असे वाटले.

प्रदर्शन बघायला फोटोमास्तर एकटेच गेले. परत आल्यावर त्यांनी बाईंना सगळे सांगितले, तेव्हा मी ऐकले. त्या फोटोपुढे माणसे थांबत होती. हसत कुणी नव्हते. एका बाईने तर स्वतःच्या कपाळावरचा पदर मागे सारला आणि तिथला जुना व्रण बोटाने चाचपला. हे कुणाचे काम, असे एकाने विचारले. माझे म्हणावे असे क्षणभर फोटोमास्तरांच्या जिभेवर आले होते, हेही त्यांनी लपवले नाही. पण मग आमच्या सूनबाईंचे, असे सांगून ते बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः माझे खिळे काढले. हळू काढले, कापड फाटू दिले नाही. खिडकी उघडली, तिच्याशेजारी खुर्ची ओढली आणि बसले. त्यांचे दात पडले होते, डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या.

"सूनबाई, माझा एक काढ," ते म्हणाले. "आणि पेन्सिल लावू नकोस."

त्यानंतर मला कुणी टांगले नाही. सूनबाईंनी मला रुंद नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळले, जाड सुती चादरीत बांधले आणि कोपऱ्यात उभे केले. तेव्हापासून स्टुडिओचे मालक बदलले, काचेचे छत गेले, विजेचे दिवे आले. आता फोटो काढणारी यंत्रे लोकांच्या खिशात असतात आणि माणसाचा डाग बोटाच्या एका स्पर्शाने पुसतात, असे मी ऐकतो. फोटोमास्तरांना त्याला किती वेळ लागे, ते आठवून मला त्यांचाच हेवा वाटतो. ते निदान त्या गालाकडे तासन्‌तास बघत तरी होते.

मित्रांनो, माझा मत्सर गेला असे मी म्हणणार नाही. म्हातारपणी खोटे बोलून काय मिळवायचे? पण तुमच्या घरी माझ्यासारखे रंगवलेले काही असेल, तर त्याची घडी घालू नका. घडीवर रंग तडकतो आणि मग पापुद्रे सुटतात. ओल असेल तिथे ठेवू नका. वर्षातून एकदा उलगडून कोरड्या, मऊ ब्रशने धूळ झाडा. आणि घरातल्या कुणाचा फोटो काढाल, तेव्हा त्यातले काही पुसण्याआधी तो ज्याचा आहे त्याला एकदा विचारा. आमच्या मालकीणबाईंना कुणीतरी विचारीपर्यंत त्यांचे केस पांढरे झाले होते.