तिसऱ्या रांगेतलं वाक्य

रॉस्को टिलमन आमच्या डरहॅममध्ये लोकांचे केस कापतो आणि एकोणीस वर्षं चर्चच्या तळघरात एकच नाटक करतो. नवरा वीस वर्षांनी परततो, दारात उभा राहतो, बायको आत घेते की नाही, एवढंच नाटक. कपडे माझ्याकडे. त्याची पँट मी इतक्यांदा उसवून वाढवलीय, की मूळ कापड म्हणाल तर आता एक खिसा उरलाय.

अडुसष्टाव्या वर्षी त्याला एकच हाव होती. उन्हाळ्यात आपल्या काळ्या लोकांचा मोठा नाट्यमहोत्सव भरतो, तिथे एकदा उभं राहायचं. यंदा तिथल्या निवड करणाऱ्या बाई, मिसेस पेटीग्रू, खरंच आमचा रविवारचा प्रयोग बघायला येणार होत्या.

म्हणून न्यूयॉर्कहून दिग्दर्शक आणला. लमाँट. जून महिन्यात गळ्यात मफलर. फार शिकलेला, त्यामुळे त्याला लगेच कळलं की आमच्या नाटकात खोट आहे ती प्रेक्षकांची.

"हे लोक मध्येमध्ये बोलतात," तो म्हणाला.

"मग काय करतील, बाळा?" मी म्हटलं. "समोरचा बोलतोय तर उत्तर नको द्यायला?"

रविवारी त्याने दारावर बोर्ड लावला, प्रेक्षकांनी शांत राहावे. तिसऱ्या रांगेत कायम बसणाऱ्या सिस्टर व्हर्लीनच्या (आमच्या चर्चमध्ये सगळ्याच बायका सिस्टर) हातात तर स्वतः पेपरमिंटची गोळी ठेवली. "मॅडम, तुम्ही ही चघळा."

व्हर्लीनने गोळीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि गोळी तोंडात टाकली. मी तिथेच ओळखलं, आज आपलं काही खरं नाही.

पडदा उघडला. रॉस्को दारात आला, बॅग खाली ठेवली. "मी आलोय."

इथे एकोणीस वर्षं व्हर्लीन ओरडते, "आत्ता आठवलं होय घर?" मग रॉस्को मान खाली घालून पुढचं बोलतो. व्हर्लीनचं ते वाक्य नाटकात कुणी लिहिलेलंच नाही. पण रॉस्कोचं पुढचं सगळं पाठांतर त्याच एका खुंटीला टांगलेलं.

व्हर्लीन गोळी चघळत बसली.

अशी शांतता पसरली, की वरच्या स्वयंपाकघरात पीचच्या कॉब्लर पुडिंगवरची साखर विरघळलेली मला ऐकू आली. रॉस्कोने सकाळीच दाढी केलेली, ती माझ्या डोळ्यांदेखत बोटभर वाढली. लमाँट विंगेतून पुढचं वाक्य पुटपुटत होता, पण त्या बाजूचा रॉस्कोचा कान केस कापायच्या मशीनच्या घरघरीने कधीच खाल्लाय.

शेवटी रॉस्को स्टेजच्या कडेला आला. "व्हर्लीन, बोल ना गं."

"बोर्ड वाच."

"आज नको ना असं करू. त्या बाई बसल्यात."

"बसू देत. मी पण गोळी खात शहाण्यासारखी बसलेय."

मिसेस पेटीग्रूंनी वही मिटली. रॉस्कोने बॅग उचलली. संपलंच सगळं. तेवढ्यात बाई मागे वळून व्हर्लीनला म्हणाल्या, "अहो, संपवा ती गोळी. याला आत घेतात की नाही ते मला बघायचंय."

व्हर्लीनने गोळी रुमालात गुंडाळली, हॅट सारखी केली, उभी राहिली. "आत्ता आठवलं होय घर?"

रस्त्यापलीकडच्या बारमधले चार नवरे उठून आपापल्या घरी गेले.

पुढचं नाटक रॉस्कोने असं केलं, की मीसुद्धा रडले, आणि मला शेवट माहीत होता.

महोत्सवाचं पत्र आलं: या, तिसरी रांग घेऊन या. लमाँट सगळ्यांना सांगतो की ती शांतता त्याचीच कल्पना होती. हल्ली तो व्हर्लीनला वाक्याआधी थांबायला शिकवतोय, आणि तिला ते इतकं आवडलंय, की तालमीत रॉस्को दारात उभ्याउभ्या दोनदा जेवतो.