चिखल्याचे अश्रू

तिसऱ्या रिळाला चिखल्या रडला आणि अख्खं थिएटर उभं राहिलं. दलदलीतून वर आलेला तो रबरी राक्षस नेहमीसारखाच मान खाली घालून उभा होता; पण त्याच्या डोळ्यांतून खरंखुरं पाणी पडद्यावर ओघळत होतं. रिकाम्या बाटल्या घेऊन लोक पुढे धावले; आठवडाभर रोज हेच चाललं होतं, मी मात्र आज पहिल्यांदाच बघत होतो.

"ढकलाढकली नको!" केबिनमधून ऑपरेटर रीळकाका माइकवर गरजले. "हा राक्षस नाही, शापित महात्मा आहे! पावणेदोन तास ज्यानं मुकाट मार खाल्ला, तो तुमचं दुखणं खाणार नाही का? तीन थेंब जिभेवर, गोळ्या-बिळ्या बंद. महात्म्याला भेसळ चालत नाही!"

या महात्म्याला मी चौथीपासून ओळखतो. ज्यांचं नाव कुणी घेत नाही असे भिकार, लाडके राक्षसपट मला रीळकाकांनीच दाखवले. पुठ्ठ्याचे डोंगर, दोरीला लटकलेली वटवाघळं आणि चिखल्याच्या रबरी पोशाखाची पाठीवर चक्क दिसणारी चेन. पहिल्यांदा मी घाबरून खुर्चीखाली शिरलो तेव्हा काका म्हणाले होते, "भ्यायचं नाही. आधी चेन शोधायची. मग बघ, आतला माणूस किती जीव तोडून काम करतोय." त्या आतल्या माणसासाठी मी हा सिनेमा साठ वेळा तरी पाहिला असेन.

म्हणून आधी मला हसूच आलं. मग तिसऱ्या रांगेत ताई दिसली, मांडीवर सात वर्षांची भाची. पोरीला फिट्स येतात. रोजच्या गोळ्यांमुळे वर्षभर एकही आली नव्हती.

"सकाळची गोळी दिलीस?"

"पाच दिवस झाले बंद करून," ताई म्हणाली. "काका खोटं सांगतील का? देवमाणूस आहे, असं तूच म्हणायचास."



तेवढ्यात पडद्यावर फिल्मचा जोड आला. या प्रसंगात फिल्म खराब झाली होती. बारा वर्षांचा असताना काकांच्या शेजारी बसून तो तुकडा मीच कापला होता आणि टोकं जोडली होती. त्यामुळे चिखल्याचं तोंड तिथे एकदम डावीकडे उडी मारतं. आत्ताही मारली. पाणी मात्र होतं तिथेच ओघळत राहिलं.

"मामा," भाची खिदळली, "आता त्याचा कान रडतोय!"

मी धावत पडद्यामागे गेलो. सिनेमाच्या पडद्याला आवाज बाहेर यावा म्हणून बारीक छिद्रं असतात. त्यांतल्या दोन छिद्रांत सुया खोचल्या होत्या, सुयांना सलाइनच्या नळ्या, वर नळाच्या पाण्याच्या बाटल्या. नळ्यांवर कपड्यांचे चिमटे आणि चिमट्यांना बांधलेली नायलॉनची दोरी छतावरून थेट केबिनमध्ये गेलेली. मी दिवे लावले, लोकांना मागे बोलावलं. दोरी ओढली, महात्मा रडला. सोडली, गप्प झाला. दोनदा करून दाखवलं. लोकांनी बाटल्या तिथेच ओतल्या.

काका खाली आले. "रिकाम्या खुर्च्यांना चिखल्या दाखवून थकलो रे. तुझ्याशिवाय कोण येत होतं? आज बघ, हाउसफुल."

"त्याला बघायला कोण आलंय, काका? सगळे पाणी प्यायला आलेत. पोरीच्या गोळ्या बंद केल्यात ताईनं."

"खरंच बंद करतील, असं वाटलं नव्हतं."

"रोज तिसऱ्या रांगेत बसायची ती. केबिनमधून दिसत नव्हती?"

काकांनी चिखल्यासारखी मान खाली घातली. मला त्यांची कीव आली नाही. ज्यानं मला डोळे दिले, त्यानंच माझ्या डोळ्यांत धूळ फेकली होती. आणि ताईनं विश्वास टाकला होता तो माझ्या शब्दावर. ते अजून सलतं.

ताई तिथूनच पोरीला घेऊन डॉक्टरांकडे गेली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पाच दिवसांत फिट आली नाही हे नशीब. नशिबाला औषध म्हणू नका.

राक्षस जरूर बघा, पोटभर भ्या. पण कुणी औषध सोडायला सांगितलं, की आधी चेन शोधा. चेन शोधायला ज्यानं शिकवलं, त्याच्याच पाठीवर ती निघाली, तरीही.